रघुवीर दुकान वाढवतो

सोमवार, १२ फेब्रुवारी २०२४. सकाळी नाक्यावरच्या नव्या सुपरमार्केटात गेले. थंडगार हवा, हाताशी ढकलगाडी, कुणाशी चकार शब्द बोलायची गरज नाही. मजा आली. जिरं आणायला गेले आणि मॅकरोनी घेऊन आले. परतताना जिन्यात शेवंती भेटली. म्हणाली, "ऐकलंत? रघुवीर दुकान वाढवतोय."

एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

मी कॉन्व्हेंटात शिकले, पण लग्न होऊन फणसवाडीत आल्यावर सासूबाईंनी माझं मराठी नव्याने घडवलं. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटत नाही, वाढते. आणि दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही. त्यामुळे मला अर्थ लगेच कळला. आमचा वाणी चालला.

रघुवीर पन्नाशीचा. त्याच्या वडिलांनी, रामजींनी, मालवणहून येऊन हे दुकान थाटलं. इथे वस्तू मागितली की आधी चौकशी होते. "बेसन? परवाच तर नेलंत. पाहुणे आले काय?" साबुदाणा मागितला, तर "डॉक्टरांनी उपास सोडायला सांगितलेत ना?" आमच्या श्रेयाचं लग्न ठरल्याचं वाडीला त्याच्याकडूनच कळलं, कारण मी एकदम पाच किलो रवा मागितला होता. अशा माणसाशिवाय वाडी कशी चालायची?

तशीच चपला घालून निघाले.

"काय रे, दुकान वाढवतोयस म्हणे?"

"कळलं वाटतं! शेवंतीकाकूंच्या पोटात काही राहत नाही."

"नको रे वाढवूस."

त्याचा चेहरा उतरला. "तुम्हीपण, काकू? घरी बायको तेच म्हणते. नसतं धाडस कशाला?"

"शहाणी आहे ती. बापाचं दुकान असं वाढवतात?"

"बापाचं, म्हणूनच तर वाढवतोय!"

"रामजी असते तर रडले असते."

"रडले? शेवटपर्यंत तोच ध्यास होता त्यांना. म्हणायचे, रघू, एकदा तरी दुकान वाढव."

असला कसला बाप, म्हणून मी बघतच राहिले. रघुवीरने सुस्कारा सोडला. "राहू दे मग. जुनी गिऱ्हाइकंच नको म्हणतात, तर कुणासाठी करायचं? धोंडू टेलरला आजच सांगतो, गाळा नको म्हणून."

"कसला गाळा?"

"हा शेजारचा. तो गावी चाललाय. मधली भिंत पाडून दोन्ही एक करणार होतो."

मी आधी स्टूल मागितलं. हसू थांबल्यावर सासूबाईंची शिकवण त्याला सांगितली, तसा तोही काउंटरवर डोकं टेकून हसत सुटला.

"काकू, आणि म्हणे तुम्ही कॉन्व्हेंटच्या!"

"वाढव बाबा, चांगलं दुप्पट वाढव. पण ढकलगाड्या नकोत. काउंटर हवा आणि त्यामागे तू. नाहीतर चौकश्या कोण करणार?"

"हे जरा वर येऊन बायकोला सांगाल?"

सांगितलं. तिने बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नव्या गाळ्यात एक कपाट माझ्या पापडांना मिळणार असेल, तर पाडा भिंत."

संध्याकाळी वहीत लिहिलं: गुरुवारपासून भिंतीचं काम, चार दिवस दुकान बंद. तूरडाळ आणि गूळ आणून डब्यांत भरून ठेवला.