चष्मेवाल्यांच्या पाच जोड्या

कोपऱ्यावरचे चष्मेवाले आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाकावर चष्मे चढवत आले. स्वतःच्या नाकावर मात्र एकदाही नाही. कॉलेजात कुणीतरी त्यांच्या डोळ्यांची तारीफ केली होती म्हणे. कुणी, ते गल्लीला ठाऊक आहे, बायकोला नाही.

दुकानात काउंटरवर त्यांनी काचेची टाकी ठेवली होती, तीत शोभेच्या कोळंब्या. नखाएवढा जीव. गिऱ्हाइकाचा नंबर तपासून झाला की चष्मेवाले टाकीकडे बोट दाखवायचे, "तो नर, ती मादी. मला एका नजरेत कळतं." गिऱ्हाईक बिचारं नव्या चष्म्यातून डोळे फाडून बघायचं आणि मान डोलवायचं.

थोरल्या वहिनींनी मात्र मान डोलवली नाही. भावोजींनी पाच जोड्या म्हणून दिलेल्या दहा कोळंब्या त्यांच्याकडे सुखाने शेवाळ खात होत्या, पण पिल्लाचा पत्ता नव्हता.

"भावोजी, तुमचे नर संन्यासी आहेत का हो?"

"धीर धरा, वहिनी. त्यांनाही घर नवीन आहे."

"धरते. पण थंडी संपेपर्यंत पिल्लं दिसली नाहीत, तर तुम्ही चष्मा लावायचा. सगळ्यांदेखत. कबूल?"

"कबूल!" बायको शेजारीच उभी, दुसरं काय म्हणणार?

थंडी संपली. वहिनी दहाही जणांना बरणीत घालून दुकानात हजर.

"दाखवा यातले नर."

चष्मेवाल्यांनी बरणी उजेडात धरली. डोळे बारीक केले, मोठे केले. बोट काचेवरून फिरत राहिलं, टेकेना कुठेच. बायकोने खण उघडून एक चष्मा पुढे केला. नंबर अगदी बरोबर होता. तिने तो केव्हाच करवून ठेवला होता.

आता दिसलं. दहाही लालभडक, अंगाने भरलेल्या. अंडी सांभाळायला शेपटीखाली पोट खोल उतरलेलं आणि डोक्यामागे पाठीवर पिवळट खोगीर, म्हणजे आतली अंडी वरून दिसतात ते. मग त्यांनी स्वतःच्या टाकीत पाहिलं. पानांआडून फिके, सडपातळ, सरळ पोटाचे कितीतरी जीव पळत होते. मध्येच टिंबाएवढी पिल्लंही. इतके दिवस ही मंडळी त्यांना दिसलीच नव्हती. जी दिसायची ती लाल, तीच जाळीत यायची, आणि त्यातली जरा लहान दिसली की ती नर.

"काय निघालं, भावोजी?"

"माहेरवाशिणी. दहाच्या दहा."

वहिनी इतक्या हसल्या की त्यांना काउंटर धरावा लागला. चष्मेवाल्यांनी जाळी घेतली, पाच फिके नर हेरले, बरणीत सोडले. कबुलीपुरता लावलेला चष्मा काढायला हात वर गेला, तेवढ्यात दगडामागे सहावा दिसला. हात खाली आला.

बायको एव्हाना भिंतीवरच्या आरशापाशी जाऊन केस सारखे करत होती. चष्मा पुढे करताना, आता आपणही नवऱ्याला स्पष्ट दिसणार, हे बिचारीला सुचलंच नव्हतं.