खंडेनवमीची सुट्टी

"त्या दिवशी खंडेनवमी होती, साहेब. शॉप बंद. कामच नव्हतं, तर कामावरचा अपघात कसा होईल?"

मालकाचे वकील कामगार न्यायालयात बोलत होते. माझा पक्षकार तानाजी मागच्या बाकावर उजवा हात खिशात घालून बसला होता. त्या हाताची तीन बोटं पॉवर प्रेसमध्ये गेली होती.

पॉवर प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं मशीन. खाली साचा असतो, त्याला डाय म्हणतात. पायाशी पेडल. ते दाबलं की वरचा जड भाग डायवर आदळतो. शहराजवळच्या एका लहान शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये, तानाजी ही प्रेस चालवायचा. शॉप लहान म्हणून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू नाही, आणि मालकानं विमाही काढलेला नव्हता. म्हणजे भरपाई द्यायची झाली तर मालकाच्या खिशातून. त्यामुळे लेखी जबाबात त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, तानाजी आमचा कामगारच नाही, माल चढवायला कधीमधी यायचा. दोन, त्या दिवशी तो प्रसादाला आला होता.

कायद्यात भरपाईसाठी दोन गोष्टी लागतात. माणूस कामगार असला पाहिजे आणि इजा कामामुळे, कामाच्या ओघात झाली पाहिजे. मालकानं दोन्हींवर घाव घातला होता. आमच्याकडे ना हजेरीवर सही, ना पगाराची पावती. सोबतचे कामगार साक्षीला यायला तयार नव्हते. त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच शॉपमध्ये जायचं होतं. मी त्यांना दोष दिला नाही.

तानाजीची बायको सुनीता तेवढी चिडली होती.

"ताई, पूजेला गेल्ता म्हणून भरपाई न्हाई म्हणत्यात व्हय? हौसंनं गेल्ता का ह्यो? मालकानंच आदल्या दिवशी सांगितल्तं, लवकर यिऊन प्रेस लख्ख कर म्हणून."

"दुसऱ्या कुणाला का नाही सांगितलं?" मी तानाजीला विचारलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "माझी प्रेस दुसरा कसा पुसंल, मॅडम?"

मी पेन खाली ठेवलं. माझे वडील फौंड्रीत मोल्डर होते, ओतकामाचे साचे करायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ते मी कुठंही ताठ मानेनं सांगते. पण वडिलांची खंडेनवमी मी विसरलेले नाही. त्या दिवशी त्यांच्या हत्यारांना मलासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत. ज्याचं हत्यार, त्यानंच धुवायचं, त्यानंच हळदकुंकू लावायचं.

अपघातही त्या पूजेतच झाला होता. तानाजी डाय पुसत होता, पाय पेडलवर होता. शॉपची लाईट बंद होती, पण प्रेसचं स्वतःचं बटण आदल्या दिवसापासून चालूच राहिलेलं. तेवढ्यात कुणीतरी विजेच्या माळा लावून बघायला मेन स्विच वर केला. माळा लागल्या आणि प्रेसही सुरू झाली.

मालक साक्षीला उभे राहिले. साठीचे, कपाळाला गंध. उलटतपासणीचा नियम असतो, उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न विचारू नये. मला उत्तर ठाऊक नव्हतं, माणूस ओळखला होता. हजेरीबद्दल ते खोटं बोलले असते. देवाच्या रीतीबद्दल बोलतील असं वाटत नव्हतं.

"शॉपमध्ये खंडेनवमीची पूजा करता?"

"म्हंजे काय! वडलांपासनं."

"मशीन कोण पुसतं?"

"ज्याचं त्यानं. जो वर्षभर चालिवतो त्योच. दुसऱ्याचा हात लागला तर मशीन साथ देत न्हाई."

त्यांचे वकील कागदांतून मान वर काढून त्यांच्याकडे बघायला लागले. मालकांचं लक्ष नव्हतं.

"ही रीत कधी मोडली?"

"कधीच न्हाई."

"माल चढवणाऱ्याला मशीन पुसायला देता?"

"छ्या! त्येचा काय संबंध?"

"पूजा न करता दसऱ्यानंतर मशीन चालू करता?"

"न्हाई, बाई. तसं चालतच न्हाई."

"त्या दिवशी प्रेस कोण पुसत होतं?"

मालकांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. तानाजीनं मान खाली घातली होती. खरं तर त्या दोघांत भांडण असं नव्हतंच. दवाखान्यात पहिल्यांदा धावले होते ते मालकच.

"तानाजी," ते म्हणाले.

मी खाली बसले.

न्यायाधीशांनी निकालात दोन्ही मुद्दे आमच्या बाजूनं धरले. मशीन पुसणारा तोच ते चालवणारा, हे मालकाच्याच तोंडचं. आणि ज्या सफाईशिवाय मशीन सुरूच होत नाही, ती सफाई म्हणजे काम, सुट्टी असो वा नसो. भरपाई व्याजासकट मंजूर झाली. मालकांनी अपील केलं नाही, रक्कम कोर्टात भरली.

व्हरांड्यात ते मला म्हणाले, "तुमी मला बरूबर जागी गाठलं, बाई."

"तुम्ही खरं बोललात."

"तितं खोटं बोलाय जीभच वळंना," असं म्हणून ते तानाजीपाशी गेले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जिना उतरून गेले. सुनीता त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. "आता हात ठेवून काय करायचं," एवढंच म्हणाली.

तानाजी पुन्हा प्रेसवर बसला नाही. आता शाहूवाडीकडे गावात त्याचं दुकान आहे. ते बहुतेक सुनीताच चालवते.

माझ्याकडे येणारे बहुतेक जण पहिल्यांदा हेच सांगतात, "मॅडम, माझ्याकडं कागद काय न्हाई." मी म्हणते, कागदाचं नंतर बघू. आधी सांगा, रोज हात कशावर असायचा आणि कुणाच्या सांगण्यावरून?