बंद विहिरींसाठी दोह्याला

दोह्याच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने माझी बॅग उघडली आणि तो दोन पावलं मागे सरकला. आत सोडे होते. अलिबागच्या आमच्या शेजारच्या खदीजाचाचींनी आपल्या लेकासाठी, याकूबसाठी, वाळवलेली कोळंबी एकावर एक पिशव्या चढवून बांधून दिली होती. पण सोड्यांचा वास कुठल्या पिशवीला जुमानतो? मी "फिश, ड्राय फिश" म्हणत राहिले. शेवटी त्या भल्या माणसाने नाकावर हात धरून हसत "यल्ला, यल्ला" म्हटलं (म्हणजे चला, निघा) आणि माझा जीव भांड्यात पडला.

मी काही सहलीला आले नव्हते. जन्मभर सरकारी तेल कंपनीत भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून दगड तपासले आणि निवृत्त झाले. लिबियाच्या वाळवंटातलं एक तेलक्षेत्र बरीच वर्षं बंद आहे. देश दोन सत्तांत विभागलेला. विहिरी पूर्वेकडच्यांच्या ताब्यात आणि त्यांचं तेल जिथून जहाजावर चढायचं ते बंदर पश्चिमेकडच्यांच्या. दोघंही एकमेकांच्या शहरात पाऊल ठेवायला तयार नाहीत, म्हणून एका खासगी कंपनीने दोन्हीकडच्या इंजिनियरांना दोह्यात एका टेबलाशी बसवायचं ठरवलं. जमिनीखाली तेल उरलंय का आणि ते पुन्हा वर येईल का, एवढंच मी सांगायचं होतं.

माझं नाव या लोकांच्या कानावर घातलं ते याकूबने. तो त्याच कंपनीच्या गोदामाचा स्टोअरकीपर. त्याआधी तरुणपणाची सगळी वर्षं त्याने त्याच तेलक्षेत्रावर काढली होती. युद्ध पेटलं तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी बोटीने निघाला. तो मला घ्यायला आला होता. पन्नाशीचा, केस पांढरे, चालणं मात्र विशीतलं.

"ताई, सोडे आनलात?" हा त्याचा पहिला प्रश्न. दुसरा गाडी सुरू करताना. "तुमच्या कागदांत आमच्या विहिरी कशा दिसतात?"

आमच्या विहिरी! मी म्हटलं, "अरे, आधी मला चहा तरी पाज."

समुद्राकाठच्या रस्त्याने तो मला वेस्ट बेच्या हॉटेलात घेऊन गेला. वाटेत एका टपरीसमोर नुसता हॉर्न वाजवला आणि गाडीच्या खिडकीत कडक (वेलची घातलेला दाट दुधाचा चहा) हजर झाला. गाडीतून उतरायचं नाही, पेला हातात घ्यायचा आणि निघायचं. चहा उत्तम होता. याकूबने मात्र दोन घोट घेऊन बाजूला ठेवला. "ह्यो चहा नाय ताई, ही खीर. चहा तिकडचा."

पुढचे दोन दिवस मी बैठकीच्या खोलीत गारठले. बाहेर अंगाची लाही आणि आत शाल! टेबलाच्या एका टोकाला पूर्वेचा सालेम, विहिरींचा इंजिनियर, सावळा आणि मितभाषी. दुसऱ्या टोकाला पश्चिमेचा मिलाद, पाइपलाइनचा माणूस, जाड चष्म्याचा. दोघांनी एकाच क्षेत्रावर निम्मं आयुष्य काढलेलं, पण बोलायचे ते माझ्याकडे बघून. मधल्या सुट्टीत एक खजूर घ्यायला उठला की दुसरा बसून राहायचा. मी नकाशे मांडले आणि खरं ते सांगितलं. दगड उत्तम आहे, दाब टिकून आहे, तेल भरपूर आहे. दोघांनीही मान हलवली. मग घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. विकलेल्या तेलाचे पैसे कुठल्या बँकेत जमा व्हायचे? त्यावर गुरुवारची सबंध दुपार गेली आणि ठरलं काहीच नाही.

शुक्रवारी सुट्टी. सकाळी याकूबने मला दुखानला नेलं. कतारमधलं तेल पहिल्यांदा सापडलं ते तिथे, पश्चिम किनाऱ्याला. सपाट, फिकट जमीन, मधूनच चुनखडीच्या बुटक्या टेकड्या, कुंपणापलीकडे जाणाऱ्या नळ्या. मी खाली वाकून एक खडा उचलला. इथली चुनखडी आणि त्या बंद क्षेत्राची चुनखडी माझ्या लेखी सख्ख्या बहिणीच. एक सुखात नांदते आहे आणि दुसरीचं घर फुटलंय. याकूब कुंपणाशी उभा राहून यंत्रांचा आवाज ऐकत होता. बराच वेळ हलला नाही. "आवाज येतो ना, ताई," तो म्हणाला, "त्याचीच सवय लागते. गोदामात आवाजच नाय."

दुपारी त्याच्या अल अझीझियातल्या फ्लॅटवर जेवण होतं. तांदळाची भाकरी, हामूर माशाचं कालवण आणि अर्थातच सोडे. त्याची बायको रेहाना श्रीवर्धनची. लेक आयेशा बारावीत. आमचं मराठी तिला सगळं कळतं आणि उत्तर येतं इंग्रजीत. जेवण झाल्यावर रेहानाने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटून घेतलं.

"ताई, काम सुरू झाला तर पयले जुन्या मानसांना बोलवनार. ह्यांनी हो सांगून ठेवलाय. हे गेले की इथला आमचा रेसिडन्स खलास. बारावीच्या पोरीला घेऊन मी गावाला जाऊ? आनि ह्यांना गोळी लागली तर?" तिने माझा हात धरला. "तुमी एवढाच सांगा ह्यांना. तेल संपला म्हनून. तुमचा ऐकतील."

इतक्यात बेल वाजली.

याकूबने सालेमला चहाला बोलावलं होतं. आणि मिलादलाही, त्याच वेळेला! तिकडे तेलक्षेत्रावर शुक्रवारी पाळी बदलताना जाणारे आणि येणारे सगळे एकत्र बसून चहा घेत, त्या सवयीने. बाकी जगाला ते दोघे पूर्व आणि पश्चिम होते. याकूबला ते अजून दिवसपाळी आणि रात्रपाळीच. दोघे लिफ्टमधून एकदमच बाहेर पडले होते आणि दारात शेजारी शेजारी उभे होते, चेहरे दगडासारखे. मला वाटलं, आता एक परत फिरणार! याकूबला मात्र काही जाणवलंच नाही. "शिन हालक?" (कसा आहेस?) म्हणत त्याने दोघांच्या गळ्यात हात टाकले आणि आत ओढलं.

लिबियाचा चहा ही घाईची गोष्ट नव्हे. किटली मंद आचेवर डांबरासारखी काळी होईपर्यंत ठेवतात, मग उंचावरून या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहतात. वर फेस येतो, त्याला म्हणतात कश्कूशा. याकूब ओतत होता आणि तिघंही नुसते त्या धारेकडे बघत होते. पहिला पेला संपला. दुसऱ्या पेल्याला मिलादने चष्मा पुसला आणि पाळी बदलताना विचारतात तसं, सालेमकडे न बघता, इंग्रजीत विचारलं, "उत्तरेकडच्या विहिरी कशा आहेत?"

सालेम सांगू लागला. कुठली झडप गंजली, कुठली केबल चोरीला गेली, कँटीनचं छप्पर कसं उडालं. मिलाद मधेच "बाही, बाही" (बरं, बरं) म्हणत होता. हळूहळू दोघं अरबीवर गेले. मला शब्द कळत नव्हते, पण हातांनी दाखवलेली वळणं माझ्या नकाशातलीच होती. मध्ये एकदा तिघंही खळखळून हसले आणि सालेम डोळे पुसू लागला. तिसऱ्या पेल्यात भाजलेले शेंगदाणे घालतात. ते चघळत मिलाद थांबला. नळीची गोष्ट बंदरापाशी, म्हणजे पुन्हा त्या पैशांपाशी, पोचली होती. दोघांनी पेले खाली ठेवले. दोघांनी याकूबला मिठी मारली आणि निघाले. दारात सालेमने मिलादला आधी जाऊ दिलं आणि स्वतः दुसऱ्या लिफ्टची वाट बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी याकूब मला विमानतळावर सोडायला निघाला. रस्ता मोकळा होता.

"ताई, खरं सांगा. खाली काय हाय?"

रात्रभर घोकलेलं वाक्य ऐन वेळी दगा देऊन गेलं. माझ्या तोंडून भलतंच निघालं. "तुझ्या बायकोने मला सांगितलंय, तेल संपलं म्हणून सांगा."

तो हसला. "म्हाईत हाय मना." मग समोर बघतच म्हणाला, "मंग तसाच सांगा ना. तुमी सांगितलात तर मी मानीन. दुसऱ्या कोनाचा नाय मानायचा. एकदाचा सुटेन तरी."

मी खिडकीबाहेर बघितलं. दोनच शब्द होते, 'तेल संपलं'. ते मी उच्चारले असते तर रेहानाला झोप लागली असती आणि आयेशाची बारावी बिनघोर झाली असती. पण दगडाबद्दल खोटं बोलायला माझी जीभ उचलेना.

"तेल आहे, याकूब. भरपूर आहे. पण वरची माणसं एक झाल्याशिवाय ते वर येत नाही आणि ती कधी एक होतील हे मला दगडात दिसत नाही. तेल खाली थांबू शकतं. आयेशाची बारावी थांबणार नाही."

टर्मिनलला त्याने गाडी थांबवली. बॅग उतरवून दिली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "अम्मीला सांगा, सोडे झकास होते."

घरी येऊन आता बरेच महिने झाले. ते क्षेत्र अजून बंदच आहे. याकूब अजून गोदामात आहे. रेहाना फोनवर माझ्याशी जरा तुटक बोलते, ते मला लागतं. आणि खरं सांगू? ज्या वाळवंटात मी कधी पाऊल ठेवलं नाही, त्याची ओढ माझ्याही मागे लागली आहे. पेपरात त्या देशाचं नाव दिसलं की मी आधी तीच बातमी वाचते. काम सुरू व्हावं असं मनापासून वाटतं आणि रेहाना आठवली की वाटलेल्याचीच लाज वाटते.

दर शुक्रवारी दुपारी याकूबचा फोन येतो. पलीकडे चहा ओतल्याचा आवाज असतो.

"ताई, काय कळला?"

"नाही रे. काही नाही."

"बरा झाला," तो म्हणतो. धार एका भांड्यातून दुसऱ्यात पडत राहते. मग हळूच म्हणतो, "फुडच्या शुक्रवारी इचारतो."