लिपुलेखच्या अलीकडे

नॉटिंगहॅमच्या माझ्या दवाखान्यात रक्तदाबाच्या पट्ट्याचा रबरी वास आला की ऐंशीच्या दशकातली कैलासयात्रा आठवते. तिबेटात उतरणाऱ्या लिपुलेख खिंडीआधीच्या शेवटच्या तळावर हवा इतकी विरळ, की खेचरंसुद्धा परवानगी काढून श्वास घेत होती. वाटेत मी रोज सगळ्या तुकडीचं प्रेशर तपासायचो आणि बायकोला तर ‘तुला झेपायचं नाही, परत जा’ म्हणून छळायचो. त्या शेवटच्या तळावरच्या लष्करी डॉक्टरने पट्टा माझ्याच दंडाला बांधला आणि विचारलं, “डॉक्टरसाहेब, स्वतःचं कधी पाहिलंत?” कधीच पाहिलं नव्हतं. पारा भलताच चढलेला पाहून तो म्हणाला, “तुम्ही इथूनच परत. मॅडम जातील.” बायको बूट बांधत शांतपणे म्हणाली, “अहो, कसं होतं ते सांगेन तुम्हाला,” आणि खरंच गेली. आजही पाहुण्यांना खिंडीचं वर्णन मीच करतो. ती चहा ओतते आणि एकदाही मधे बोलत नाही.