वयाचा पुरावा आणि आमचे दाजी

अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात खोटं लिहिता न येणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, वाट्याला आला. आमचे हे दाजी नळदुर्गला राहतात. शाळेत चौतीस वर्षं कारकुनी करून ते निवृत्त झाले, पण कागदाचा नाद काही सुटला नाही. छापील अक्षर दिसलं की ते शेवटपर्यंत वाचायचं, आणि वाचलं की तसंच वागायचं. डासांच्या अगरबत्तीच्या खोक्यावर 'हाताळल्यानंतर हात धुवा' असं लिहिलं होतं, म्हणून त्यांनी अक्काला पोळ्या सोडून हात धुवायला लावले होते. एसटीत पासष्टीनंतर अर्धं तिकीट असतं. पासष्टीला चार दिवस कमी असताना कंडक्टरनं आपण होऊन अर्धं फाडलं, तर हे उठून उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, चार दिसानं काय फरक पडतोय?" दाजी म्हणाले, "चार दिसाचा पडतोय." पूर्ण तिकीट हातात पडेपर्यंत ते बसले नाहीत, आणि तोवर त्यांची जागा दुसऱ्यानं धरली होती.

अशा माणसाची हयात गेली ती शाळेत येणाऱ्या लेकरांची वयं ठरवण्यात. बाप येऊन सांगायचा, "लिहा की सायेब, झालं आसंल सा वर्साचं." मग दाजी लेकराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की सहा पूर्ण, आणि रजिस्टरात जन्मतारीख एक जून. आसपासच्या चार गावांतली अर्धीअधिक माणसं अशी दाजींच्या टपोऱ्या अक्षरात एक जूनलाच जन्मली. दाजी स्वतःही एक जूनचेच. त्यांच्या वेळच्या गुरुजींनी त्यांनाही तसंच जन्माला घातलं होतं. यात काही खोटं आहे असं त्यांच्या कधी मनातही आलं नाही. रीतच होती ती.

आता दाजींच्या घरासमोरून सोलापूर-हैदराबाद रस्ता जातो. ट्रकांच्या आवाजानं मांडणीतली भांडी वाजतात. आणि दाजी आतल्या खोलीत, खिडकीला पडदा लावून, कॉम्प्युटरवर ट्रक चालवतात. हसू नका, त्याला कारण आहे. त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, इंग्लंडात नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न मोडलं आणि तिचं बोलणंच आटलं. फोन लावला की "जेवले, बरी आहे, ठेवते" एवढं ऐकायला मिळायचं. शेवटी तिनंच तिकडं बसून वडिलांच्या नावानं एका गेमच्या ऑनलाइन दुकानात खातं उघडलं आणि हा ट्रकचा खेळ घेऊन दिला. दर रविवारी दुपारी ती तिकडून आणि हे इकडून, दोघांचे ट्रक मागंपुढं. दाजी त्यातही ओसाड चौकात सिग्नलला थांबणार, वळताना कुत्रं नसलं तरी हॉर्न देणार. पण ट्रक सुरू झाला की पोरगी बोलायला लागायची. रस्त्याकडं बघत बोलताना समोरच्याचं तोंड दिसत नाही, म्हणून सोपं जात असेल. कचेरीतलं, शेजारणीचं, मधूनच त्या मोडलेल्या संसारातलंही एखादं वाक्य. दाजी नुसतं "व्हय, व्हय" म्हणत गिअर बदलायचे. त्या दोन तासांवर अक्का उरलेला आठवडा काढायची.

एका रविवारी या दुकानाचं दार उघडेना. झालं होतं असं की त्या दुकानात मोठ्यांसाठीचे खेळही मिळतात. इंग्लंडात कायदा आला, आणि तिकडच्या खातेदारांनी आपण अठरा पूर्ण असल्याचं सिद्ध करावं, असं फर्मान निघालं. दाजींचं खातं भाचीनं तिकडूनच उघडलेलं, म्हणून तेही त्यात सापडले. धाराशिवहून मी मुद्दाम गेलो. दाजींनी सगळा मजकूर वाचून काढला होता, आणि 'मोठ्यांसाठी' म्हणजे काय ते बघायला चुकून त्या खेळांची एक फळीही उघडली होती. कानापर्यंत लाल होऊन म्हणाले, "पाव्हणं, ट्रक हितंच आन ह्या उघड्या बाया बी हितंच? आपला किराणावाला बी तंबाखू ठिवतो की. पर त्येला वय इचारावं लागत न्हाय, त्येला पोराचा बाप म्हाईत आसतो." कायदा मात्र त्यांना मनापासून पटला. "इचारलंच पायजे. लेकरांच्या हाती असलं पडू नये."

घोटाळा पुढंच होता. भाचीनं खातं उघडताना घाईत यादीतलं पहिलं वर्ष दाबलं होतं, त्यामुळं दाजींचं वय सव्वाशेच्या घरात गेलेलं. ते दुरुस्त करायचं तर खाली एक चौकोन होता: 'वरील जन्मतारीख खरी असल्याचे मी जाहीर करतो.' मी म्हटलं, "आधारवरची टाका आणि मोकळे व्हा." दाजी म्हणाले, "आधारवरची न्हाय, खरी इचारलीय." आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या एक जूनचा संशय आला.

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं तेरला गेले. तिथं त्यांची नव्वदीची आत्या आहे. तिनं ठणकावून सांगितलं, "तू झालास तवा ज्वारीची काढनी चालली हुती. तुज्या आईला रानातनंच बैलगाडीत घालून आणली." झालं! काढणी म्हणजे माघ-फाल्गुन. म्हणजे खरी तारीख मिळालीच नाही, वर हातची खोटी ठरली. दाजी परत आले ते उतरल्या चेहऱ्यानं. "पाव्हणं, जूनात कुठली आलीया काढणी? आन म्या चौतीस वर्सं काय लिवीत बसलो?" मी पुष्कळ थट्टा केली, पण ते हसले नाहीत. तोही रविवार गेला. अक्का धुसफुसत म्हणाली, "ह्यांच्या खऱ्यापायी माझी लेक मुकी झाली."

तिसऱ्या रविवारी मी पुन्हा तिथंच होतो. दुपारी फोन वाजला. दाजींनी उचलला, ऐकला आणि ठेवला. "काय म्हणाली?" अक्कानं विचारलं. "जेवले, बरी आहे, ठेवते." मग कपाटातून आधार काढलं आणि कॉम्प्युटरपुढं जाऊन बसले. टिक करायला मी हात पुढं केला तर म्हणाले, "तुमी नगं. खोटं माझं हाय, म्याच करतो." पुढं कॅमेऱ्यानं त्यांना तोंड डावीकडं, उजवीकडं वळवायला सांगितलं. माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "दाजी, कान धरून दाखवा." त्यांनी खरंच हात डोक्यावरून घेतला, पण खांदा आखडल्यामुळं तो कानापर्यंत पोचलाच नाही. जुन्या हिशेबानं दाजी पहिलीतही बसले नसते. दुकानानं मात्र त्यांना सज्ञान ठरवलं.

ट्रक सुरू झाले. दाजींच्या कानाला हेडफोन, त्यामुळं मला एकच बाजू ऐकू येत होती. त्यांनी लेकीला सगळं सांगून टाकलं. आत्याचं, काढणीचं, टिक केल्याचं. मग तिनं काहीतरी विचारलं असावं. दाजी म्हणाले, "तुझी? तुझी खरी हाय. तुझी म्या रीतीवर न्हाय सोडली. दवाखान्याच्या दारात हुबा हुतो. तुझा आवाज आला आन म्या घड्याळ बघितलं. सकाळचं सात वाजून धा मिंटं."

मग त्यांनी डावीकडचा इंडिकेटर देऊन ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला आणि थांबवला. "रडू नगं," ते म्हणाले. "ये की. लोकांचं काय घिऊन बसलीस? सोत्ताच्या घरी यायला काय शाबित करावं लागतंय व्हय?"

पडद्यावर मागच्या गाड्या हॉर्न देत पुढं निघून जात होत्या. अक्का चहा घेऊन दारात आली होती. मी तिला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायला सांगितलं, पण ती केव्हापासून गप्पच उभी होती.