एकशे सत्तावीसचा ठोका

एप्रिल २०१६, बुधवार. मुखेडच्या आमच्या गल्लीत आज अकरा दिवसांनी टँकर येणार होता. तोवर हातातल्या ब्लाउजला हुक लावून संपवावेत म्हणून मी दारातच बसले होते. मी लेडीज टेलर. हॉर्न वाजला तशी सुई कापडात टोचून ठेवली, पाइप आणि स्टीलची कळशी उचलली आणि पळाले.

प्रत्येक घराने आपला पाइप टँकरच्या तोंडात सोडायचा, अशी आमच्याकडची रीत. माझा धाकटा दीर माझा पाइप घेऊन शिडीवर चढला. खाली नव्या जिल्ह्यावरून तोंडातोंडी चालू होती. उदगीर जिल्हा होणार आणि मुखेड नांदेडमधून निघून त्यात जाणार, अशी तेव्हा बोलवा होती.

"जिल्हा होऊ द्या, मंग नळाला पाणी येतंय बगा," एकजण म्हणाला.

"लातूर जिल्हा होऊन किती वर्सं झाली? तितं रेल्वेनं पाणी आणून राहिलेत."

"तू नांदेडवाल्यांचा चमचा हाईस."

"अन् तुझा बाप कुणाचा व्हता?"

बाप निघाल्यावर हात उठले. कुणाचं तरी नाक फुटलं, बादल्या आदळल्या. त्या गोंधळात समोरच्या घरातल्या माणसाने माझा पाइप उपसून स्वतःचा आत घातला. मी कळशी त्याच्या डोक्यावर हाणली. तो वाकला. कळशी शिडीच्या दांडीवर बसली आणि खाली उतरणाऱ्या दिराचं उजवं मनगट त्या दांडीवर होतं. वाळली तुराटी मोडावी तसा आवाज आला. मी डोक्याचाच नेम धरला होता, हे मी पोलिसालाही सांगितलं. तो म्हणाला, "बाई, गप ऱ्हावा. लिहून घ्यावं लागंल."

दीर भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचा. आता सहा आठवडे प्लास्टर, आणि तीन आठवड्यांनी नायगावला जयंतीचा कार्यक्रम; आमच्याकडे भीमजयंतीचे कार्यक्रम मे सरेपर्यंत चालतात. पार्टीच्या प्रमुखाने निरोप पाठवला, लातूरहून दुसरा वादक आणतोय. पार्टीत दुसऱ्याचा हात एकदा बसला की पहिल्याला पुन्हा कुणी बोलवत नाही. दिराने निरोप ऐकला आणि डाव्या मुठीने भिंतीचा गिलावा पाडला. माझ्याशी तो बोलत नव्हता.

एका हाताने वाजवण्यासारखं एकच वाद्य मला माहीत होतं, ऑक्टोपॅड. रबरी पाट्यांवर काठी मारली की त्यात भरलेली ढोलकी, हलगी वाजते. विकत घेणं आवाक्यात नव्हतं. बसस्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला विचारलं.

"आक्का, घरी बनतंय की. मिडी म्हणत्यात त्याला. तुमचा डबा आवाज काढत न्हाई, निस्ता निरोप देतो. कोणच्या पाटीवर मारलं अन् किती जोरात मारलं. आवाज लॅपटॉपातनं निघतो."

"किती जोरात हे कसं कळतं?"

"पितळी चकती ऱ्हाते. शून्यापासून एकशे सत्तावीसपर्यंत आकडा देते. त्याच्या म्होरं न्हाई."

"माणसानं जीव खाऊन मारलं तरी?"

"हाव. तरी तितकंच."

तोवर इस्त्रीचा प्लग बदलणं एवढीच माझी विजेची विद्या. नांदेडला जाऊन छोटा बोर्ड, चकत्या आणि सोल्डरिंग गन आणली. पहिल्या दिवशी तारेऐवजी बोट भाजलं. दिराकडे असलेल्या पार्टीच्या लॅपटॉपवर, दुरुस्तीवाल्याच्या टेबलाशी बसून, हिंदी व्हिडिओतला प्रोग्राम एकेक अक्षर बघून उतरवला. चार चकत्या एका फळीवर चिकटवल्या, तर एकीवर मारलं की चारही वाजायच्या. फळीतून धक्का सगळीकडे पोचत होता. तेवढं मात्र माझ्या धंद्यातलं काम निघालं. ब्लाउजच्या खांद्यात घालायचा फोम दुहेरी केला, रेक्झिनचे चार खिसे शिवले आणि प्रत्येक चकती वेगळ्या गादीवर बसवली. मी बोटाने टिचकी मारून तपासलं. चाळीस, पंचेचाळीस. सगळं ठीक.

दीर आला. त्याने डाव्या हातात काठी घेतली आणि पहिल्या पॅडवर हाणली. पडद्यावर एकशे सत्तावीस. दुसऱ्यांदा हाणली, एकशे सत्तावीस. तिसऱ्यांदा काहीच नाही. पॅड मेला होता.

"माझा हात मोडला, आता खेळणं देऊन येडं बनवून राहिल्यात," म्हणत त्याने फळी भिरकावली. कोपरा माझ्या भुवईवर बसला. डोळ्यात रक्त उतरलं. मी पुढे होऊन त्याच्या कानाखाली वाजवली.

"ह्ये बी एकशे सत्तावीस," तो गाल धरून म्हणाला. दोन आठवड्यांतलं त्याचं माझ्याशी पहिलं धड बोलणं.

दुरुस्तीवाल्याने फळी पालथी केली. "रजिस्टर लावला न्हाई तुमी."

नव्हता लावला. व्हिडिओत चकतीच्या दोन तारांमध्ये एक बारका रेझिस्टर होता, पण त्याच्याशिवायही आकडा येत होता, म्हणून मी तो वगळला. चकती स्वतःच वीज काढते हे मला ठाऊक नव्हतं. टिचकीला थोडी काढते, जोरात हाणलं की बोर्डाला सोसणार नाही इतकी. ती जिरवायला तो रेझिस्टर. आम्ही फाटल्यावर ठिगळ लावतो, हे आधी लावायचं होतं. चारही चकत्यांना रेझिस्टर लावले आणि मेलेल्या पॅडची तार बोर्डाच्या दुसऱ्या पिनला जोडली. दिराने गिलावा पाडला होता त्याच ताकदीने दहा मिनिटं हाणलं. टिकलं.

नायगावला आम्ही न बोलावताच गेलो. लातूरचा वादक त्याचं कंपनीचं ऑक्टोपॅड घेऊन आधीच बसला होता. रेक्झिनचे खिसे बघून म्हणाला, "ही उशी कुणाची?"

"माझ्या वहिनीची. डोस्कं ठिवून बग, फुटतंय," दीर म्हणाला.

प्रमुखाने दोघांना तीन-तीन गाणी दिली. ज्याची बरी, तो पुढे. दिराची पहिली दोन नीट गेली. तिसऱ्याची लय चढत गेली आणि एक हात पुरेना. मी मंडपाच्या कडेला उभी होते. त्याने गळ्यातल्या झोळीतून उजवा हात काढला आणि प्लास्टरच आपटायला सुरुवात केली. ताल बरोबर येत होता. लोक उठून उभे राहिले. प्रत्येक ठोक्याला त्याचं तोंड वाकडं होत होतं, प्लास्टरचा चुरा रेक्झिनवर पडत होता. मी ओरडले, ते त्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. गाणं संपलं तेव्हा मनगटाजवळ प्लास्टर उभं चिरलं होतं आणि बोटं काळीनिळी.

प्रमुख म्हणाला, "म्होरली तारीख उदगीरची हाय. तूच ये."

दीर हसला आणि खुर्चीवर बसला तो उठेचना. तिथल्याच डॉक्टराने हात बघून सांगितलं, हाड सरकलंय. उद्याच नांदेडला न्या, आणि हा हात पुन्हा आपटला तर कायमचा जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा त्याला घेऊन पहिल्या एसटीने नांदेडला गेला. मी मशीनवर बसले आणि उजव्या हाताऐवजी डाव्या टाचेने मारायचा पाचवा पॅड शिवायला घेतला. रेक्झिन दुहेरी घेतलं.