माडीवरच्या खोलीचं नेटवर्क

नोकरीसाठी पुण्याला निघालो तेव्हा माझा थोरला भाऊ, अण्णा, निपाणीपर्यंत बसमध्ये सोबत आला. तंबाखूच्या बाजारात काम आहे म्हणाला. काम काही नव्हतं. उतरल्यावर खिडकीशी थांबून एवढंच बोलला, "पोचल्यावर कळीव रं." पुढे कोगनोळी आलं, महाराष्ट्र लागला. त्या प्रवासात मी रडलो असणार, असं घरचे धरून चाललेत, असं मला वाटायचं. मीही कधी ते खोडलं नाही.

पन्नाशी आली तरी बेळगावजवळ हिंडलग्याला, घरी जायचो तो वस्तू घेऊन. राहणं कमी, म्हणून पिशव्या जड. गेल्या दिवाळीला दुसरा राउटर दिला, आईच्या स्वयंपाकघरात नेट यावं म्हणून, आणि लगेच परत निघालो.

पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा माझी लेक मुक्ता पुण्यात जर्मनीची बॅग भरत होती. जायच्या आधी तिला आजीकडून व्हिडिओ कॉलवर मांडे शिकायचे होते, हातावर पसरत न्यायची ती कागदासारखी पातळ गोड पोळी. पालथी कढई तापलेली, आईचे हात तुपाने माखलेले, आणि स्वयंपाकघरात नेट नाही. पुढच्या सोप्यात भरपूर. मध्ये दोन दगडी भिंती.

"दुसरा राउटर कुठाय?"

"माडीवर, तुज्या खोलीत," अण्णा म्हणाला. "चालू हाय की."

चालू होता. फोनवर दिसलं, त्याच्या नेटवर्कला माझंच नाव दिलेलं. पासवर्ड वेगळा, आणि घरातल्या एकाही फोनवर तो घातलेला नव्हता.

"तुजा वाटा हाय तो," आई म्हणाली. "तू आलास की लागंल."

आंब्यांची माझी करंडी बाजूला काढतात, तसंच हे. मी राउटर खाली आणला. सोप्यातल्या पहिल्या राउटरची केबल स्वयंपाकघरापर्यंत ओढली आणि दुसऱ्याच्या इंटरनेटच्या पोर्टमध्ये न घालता शेजारच्या साध्या पोर्टमध्ये घातली. घरात फोन-टीव्हींना पत्ते वाटणारा एकच लागतो, म्हणून दुसऱ्याचं ते काम बंद केलं. दोन्हींना नाव एकच, पहिल्याचं. अण्णाने टीव्हीही आत आणला. तो जागचा हलत नाही, त्याला वायर. मोबाइल फिरतो, त्याला वाय-फाय.

"तुजं नाव काढलास काय रं?"

"सगळ्यांत मिसळलं, आई."

फोन आणि टीव्ही आता एकाच नेटवर्कवर, म्हणून फोनमधली मुक्ता टीव्हीवर भलीमोठी उगवली. तिचा पहिला मांडा फाटला.

"फाटू दे गं," आई म्हणाली. "पोटात गेल्यावर कोण बघतंय?"

मुक्ता खदखदून हसत होती, जर्मनीचं बोलतानाही. मला ते लागलं. "घर सोडताना एवढं हसू येतंय हिला," मी पुटपुटलो.

"तू काय रडत गेलतास?" अण्णा म्हणाला. "निपाणीत बस वळताना बघितलो की मी. सगळे दात दिसत हुते."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "व्हय अण्णा. कोगनोळीत तर मला बसवेना, इतका आनंद झालता. तुम्हाला सोडून आनंद झाला, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

"मी सांगितलो की घरात. पोरगं हसत गेलं म्हणून. तवा कुठं आई जेवली."

आईने मान वर न करता पुढचा मांडा कढईवर टाकला.

परवा पुन्हा गेलो. फाटकाशीच फोन आपोआप घरच्या नेटवर्कला लागला. हातात एकही पिशवी नव्हती, आणि परतीचं तिकीट काढलेलं नव्हतं.